बोट लागली, श्रावणही लागला: आईबाबांना घेऊन अलास्कातल्या सूअर्डला

गावाचं नाव सूअर्ड. ते आधीच सांगून टाकते, कारण आईने अख्ख्या ट्रिपमध्ये दापोलीला केलेल्या एकाही फोनवर हे नाव उच्चारलं नाही, "अलास्काला समुद्रावर आलोय" एवढंच सांगायची. विल्यम सूअर्ड हा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री, त्याने १८६७ साली रशियाकडून अख्खं अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घ्यायचा सौदा केला, त्याचं नाव ह्या गावाला. हे ऐकून बाबा म्हणाले ७२ लाखात हल्ली दापोलीत रोड-टच जागा मिळत नाही. डॉलर बाबा डॉलर, म्हटलं, पण ते तोवर खिडकीबाहेर बघायला लागले होते.

आम्ही सिअॅटलजवळ राहतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले. नायगारा वगैरे मागच्या खेपेला झालं होतं, आणि ह्या वेळी बाबांनीच टीव्हीवर बर्फाचा कडा समुद्रात कोसळताना बघितला आणि "हे खंय, म्हणजे कुठे असतं गं बाय?" विचारलं (मालवणी शेजाऱ्यांमुळे त्यांचं खंय-कुठे असं मिक्स होतं). बाबा ७३ वर्षांचे, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, मूळचे हर्णैचे. आई ६८, माहेर कराडचं, पाण्याशी संबंध कृष्णाबाईच्या घाटापुरता, त्यात गुडघे. चिरंजीव अथर्व ९ वर्षांचा. ह्या सगळ्यांना एकाच वेळी झेपेल असं ग्लेशियर शोधत होतो. सूअर्डच्या मागच्या डोंगरांवर हार्डिंग आइसफील्ड म्हणून बर्फाचं पठार आहे, साधारण ७०० चौरस मैल, म्हणजे मुंबईच्या तिप्पट जागा नुसती बर्फाखाली, आणि त्यातून जवळपास ४० ग्लेशियर चारी बाजूंनी खाली उतरतात. एकापर्यंत गाडी जाते, काहींपर्यंत बोट जाते. गुडघ्यांना चाललं असतं.

मार्चमध्ये बसून ऑगस्टचं बुकिंग केलं. माझ्या नवऱ्याने, निखिलने, एक्सेल शीट केली, त्यात सोमवारी बोट, मंगळवारी बेअर ग्लेशियरच्या सरोवरात कयाक, बुधवारी एक्झिट ग्लेशियर, असं तासातासाचं रंगीत. ती शीट मंगळवारी सकाळी सातला मेली, ते पुढे येईलच.

विमानाने अँकरेज, तिथून गाडी. १२७ मैल, अडीच तास म्हणतात पण आम्हाला पाच लागले कारण दर वळणावर थांबा. पहिला तासभर रस्ता टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीच्या कडेने जातो, एका बाजूला डोंगर, खाली रेल्वेचा रूळ, मग पाणी. कॅप्टन कुक १७७८ मध्ये इथे उत्तरेकडून जायचा मार्ग शोधत आला आणि पुढे वाट नाही बघून परत फिरला, म्हणून नाव टर्नअगेन. बाबा पुढच्या सीटवर, निखिल चालवतोय, आणि बाबांचा उजवा पाय पूर्ण वेळ नसलेल्या ब्रेकवर. "जावईबापू, गिअर उतरवा." ऑटोमॅटिक आहे बाबा. "तरी उतरवा."

बेलुगा पॉइंटला थांबलो तेव्हा पाणी गायब होतं. जिथे खाडी असायला हवी तिथे मैलभर राखाडी चिखल, चकचकीत. ह्या खाडीत भरती-ओहोटीतला फरक तीस फुटांच्या आसपास जातो आणि तो चिखल म्हणजे ग्लेशियरने दगड दळून केलेलं पीठ, वरून घट्ट दिसतं पण पाय आत गेला की सिमेंटसारखा आवळतो, माणसं अडकून गेलेली आहेत. चिखलात उतरू नका अशी ताकीद सगळीकडे. अथर्वला हाताला धरलं. बाबा मात्र एकदम खुशीत आले, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या ओळखीचं काहीतरी दिसलं होतं. "सुकती आहे," म्हणाले, "आणि आज अमावस्या, म्हणजे उधाण. म्हणून एवढं आत गेलंय."

मग त्यांनी आम्हाला हिशोब शिकवला. कोकणात सगळ्यांना माहीत असतो पण मला कधी नीट कळला नव्हता. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आला आकडा ती भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. चंद्र रोज साधारण पाऊण-पाऊण तास उशिरा येतो म्हणून पाऊणपट. "म्हणजे उद्या सूअर्डला भरती पाऊण वाजता," बाबांनी जाहीर केलं. निखिलने फोनवर टाइड टेबल काढलं. अडीच-पावणेतीन. बाबा म्हणाले, फोन चुकतोय.

फोन चुकत नव्हता. एक तर हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा, दर बंदराचा आकडा वेगळा असणारच. आणि दुसरं म्हणजे अलास्कातलं घड्याळच पुढे लावलेलं आहे, उन्हाळ्यात तिकडे सूर्य माथ्यावर येतो (माथ्यावर म्हणजे त्याच्या परीने, डोक्यावर कधीच येत नाही) तो दुपारी दोनला. बाबांनी थोडा वेळ विचार केला. "मग वरती दोन तास मिळवायचे." बस. पुढचे पाच दिवस ह्या माणसाने टाइड टेबल बघितलं नाही.

पोचलो तो रविवार. लोवेल पॉइंटला छोटी केबिन घेतली होती, गावापासून तीनेक मैल, खाडीच्या कडेने कच्चा रस्ता. भूक लागलेली, बंदरावर गेलो, आणि समोर नुकत्याच धरलेल्या हॅलिबटच्या रांगा टांगलेल्या, एकेक मासा अथर्वएवढा, माणसं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतायत. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि आईने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "तिकडे सोमवार उजाडला. श्रावण लागला."

आता गंमत अशी की अलास्का भारताच्या साडेतेरा तास मागे. बाबांचं म्हणणं, इथे अजून रविवार आहे, अमावस्या आहे, आषाढ आहे, आणि आपण इथे आहोत. आईचं म्हणणं, पंचांग दापोलीचं. पंधरा मिनिटं धक्क्यावर उभं राहून दोघांची ही मीटिंग चालली, बाजूचा एक म्हातारा मासे कापत होता त्याला वाटलं भाव पटत नाहीये, तो म्हणाला हे विकायला नाहीत. शेवटी बाबांनी आषाढ संपायच्या आत हॅलिबट-चिप्सची एक प्लेट संपवली. आईने नुसत्या चिप्स. ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात तळलेल्या, पण ते मी आजपर्यंत तिला सांगितलेलं नाही.

सोमवारी बोट. सहा तासांची, केनाई फ्योर्ड्स नॅशनल पार्कमध्ये आयालिक खाडीतल्या ग्लेशियरपर्यंत. माणशी दोनशे डॉलरच्या आसपास जातात, पण अख्ख्या ट्रिपमध्ये एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, बाकी सगळं सोडलं तरी चालेल. ह्याहून लांबची आठ-साडेआठ तासांची नॉर्थवेस्टर्न फ्योर्डला जाते, ती आईबाबांना नको वाटली. आणि ज्या छोट्या स्वस्त टूर आहेत त्या नुसत्या रेझरेक्शन खाडीत फिरवून आणतात, पाण्यात उतरणारं ग्लेशियर त्यात येत नाही. हे नीट वाचून बुक करा.

बोटीवर चढायच्या आधी आईने पर्समधून अवोमिनची स्ट्रिप काढली. मी, निखिल, अथर्व, आई, सगळ्यांनी एकेक घेतली. बाबा म्हणाले, "मला? हर्णैच्या माणसाला?" आणि मग भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीची गोष्ट, लहानपणी आजोबांबरोबर मुंबईहून यायचे, बोट हर्णैला बाहेरच थांबायची, मग मचव्यात उड्या मारायच्या, कडेला बायका ओकतायत आणि बाबा भजी खातायत. ही गोष्ट मी चाळीस वर्षं ऐकतेय. गोळी घेतली नाही.

पहिला तास अगदी मजेचा. खाडीत पाणी शांत. पाणमांजरं पाठीवर तरंगत, पोटावर शिंपला ठेवून फोडत, एकमेकांच्या आसपास अशी पसरलेली की जणू रविवारची दुपार आहे आणि कुणाला कुठे जायचं नाहीये. ह्यांच्याच कातड्यासाठी रशियन लोक इथवर आले. खाडीला रेझरेक्शन, म्हणजे पुनरुत्थान, हे नाव बारानोव्ह नावाच्या रशियन व्यापाऱ्याने दिलं, वादळात आसरा मिळाला तो दिवस ईस्टरचा होता म्हणून. कॅप्टन हे सगळं स्पीकरवर सांगत असतो आणि मधेच "दोन वाजता कुबड्या देवमासा" असं काहीतरी ओरडतो, दोन वाजता म्हणजे घड्याळात दोनचा काटा जिकडे असतो त्या दिशेला, हे कळेपर्यंत आमचा पहिला देवमासा गेला. आई म्हणत होती, दोन वाजता दाखवणार आहेत, बसू या.

मग आयालिकचं टोक आलं. तिथे खाडीचा आडोसा संपतो आणि अलास्काच्या आखाताचा उघडा समुद्र सुरू होतो. बोट वर चढते, क्षणभर थांबते, आणि मग खाली. परत वर. कपातली कॉफी टेबलावर. मी वळून बघितलं तर बाबा गप्प. बाबा कधी गप्प नसतात. चेहरा कच्च्या केळीसारखा. "बाबा?" "काही नाही. जरा वारा घेतो." आणि मग वाराच घेतला नाही फक्त. थोडक्यात, बोट लागली. बोटीवरच्या पोरीने शांतपणे पिशवी दिली, पाठीवर हात फिरवला, मागच्या बाजूला खालच्या डेकवर नेऊन उभं केलं आणि क्षितिजाकडे बघा म्हणाली. हे खरंच उपयोगी पडतं, बोटीचा मागचा खालचा भाग पुढच्यापेक्षा कमी हलतो, आणि नजर लांब ठेवायची, फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात अजिबात बघायचं नाही. गोळी मात्र सुटायच्या आधीच घ्यायची असते, लागल्यावर नाही.

आणि आई? कराडची आई? सोमवारचा उपास, तिने डबा काढला आणि हलत्या बोटीत एका हाताने दांडा धरून साबुदाण्याची खिचडी खाल्ली. चिझवेल बेटं आली तेव्हा तीच आम्हाला दाखवत होती, ते बघ सी लायन, खडकावर कसे लोळतायत, एकेकाचा आवाज म्हणजे ढेकर. पफिन बघून ती सगळ्यात खूश झाली, नारिंगी चोचीचे जाडे पक्षी, पाण्यावरून उडताना इतके धडपडतात की आता पडणार असं वाटतं, पण पाण्यात शिरले की पंखांनी पोहतात, मासेच जणू. "हा आपल्या वन्संसारखा दिसतो," म्हणाली. वन्सं म्हणजे बाबांची बहीण, बाबा बोलायच्या अवस्थेत नव्हते.

आयालिक खाडीत वळल्यावर पुन्हा शांत झालं. बाबांचा रंग परत आला. गार वारा अचानक अजून गार झाला, फ्रीजचं दार उघडल्यासारखा, आणि पाण्यात बर्फाचे तुकडे दिसायला लागले, आधी बशीएवढे, मग गादीएवढे, त्यावर सील पहुडलेले. पाण्याचा रंग ताकासारखा. आणि मग समोर भिंत. आयालिक ग्लेशियर. फोटोत जे दिसतं ते काहीच नाही, कारण फोटोत आवाज नसतो. कॅप्टनने इंजिन बंद केलं. दीडशे माणसं बोटीवर आणि कुणी बोलेना. आजूबाजूच्या पाण्यातला बर्फ तडतडत होता, लाह्या फुटाव्यात तसा, बर्फात दाबून राहिलेली हवा सुटते त्याचा तो आवाज. मधूनच आत कुठेतरी लांब ढगांचा गडगडाट, पण आभाळात ढग गडगडणारे नाहीत, तो ग्लेशियर तडकतोय.

पंधरा-वीस मिनिटं काहीच पडलं नाही. लोक कॅमेरे धरून हात दुखवतायत. आणि मग उजव्या बाजूचा एक सुळका हळूच, अगदी हळूच सुटला. आधी दिसलं, मग आवाज आला. लांब असतो ना आपण, बोट फार जवळ नेतच नाहीत, त्यामुळे तुकडा पाण्यात गेल्यावर मग तो धाडकन आवाज पोचतो. आणि मग लाट, बोट डुलली, बाबांनी दांडा धरला. जिथून तो सुळका तुटला तिथला आतला बर्फ निळा, म्हणजे निळीच्या पाण्यातल्या धोतरासारखा नाही, खरा गडद निळा. शतकानुशतकं दाबून दाबून त्यातली हवा निघून गेलेली असते, असा घट्ट बर्फ उजेडातला लाल भाग गिळतो आणि निळा बाहेर सोडतो.

बोटीवरच्या पोरीने जाळ्याने एक बर्फाचा तुकडा वर काढला, सगळ्यांनी हातात धरून फोटो काढले. काचेसारखा स्वच्छ, फ्रीजातल्या बर्फासारखा पांढुरका नाही. बाबांनी तो चाटला. आई म्हणाली, पोटात काही नाही आणि हे काय. बाबा म्हणाले, "गोळेवाल्याच्या बर्फापेक्षा बराय."

येताना त्यांनी न बोलता हात पुढे केला आणि आईने न बोलता अवोमिन ठेवली. उशीर झाला होता, तरी पण.

मंगळवारी सकाळी सात वाजता मेसेज, बेअर ग्लेशियरची ट्रिप रद्द. त्या सरोवरात मोठमोठे हिमनग तरंगत असतात, कयाकमधून त्यांच्यात फिरायचं, पण तिथे पोचायला आधी छोट्या बोटीने उघड्या समुद्रातून जाऊन किनाऱ्याला लागायचं असतं, आणि लाटा असल्या की लागता येत नाही. हे बरोबरच आहे, त्यात तक्रार नाही. तक्रार ही की ज्यांच्याकडे बुक केलं होतं त्यांनी पैसे परत द्यायला पाच आठवडे आणि सात ईमेल लावले. म्हणून सांगते, बुक करतानाच विचारा, तुम्ही रद्द केलं तर काय आणि हवेने रद्द केलं तर काय. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्याच दिवशी ठेवा म्हणजे हुकली तर पुढे ढकलायला दिवस उरतात. ह्या गावात पाऊस कधीही येतो, ऑगस्टमध्ये तर जास्तच. छत्री नका नेऊ, वाऱ्यात उलटते, चांगला रेनकोट न्या.

तर त्या दिवशी पावसात सीलाइफ सेंटर. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ नावाचं तेलाचं जहाज शेजारच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं आणि कोट्यवधी लिटर तेल समुद्रात गेलं, त्याच्या भरपाईच्या पैशांतला काही भाग घालून हे बांधलं, १९९८ ला उघडलं. मत्स्यालय पण आहे आणि जखमी सील वगैरेंचं हॉस्पिटल पण. पफिन पाण्याखाली कसे पोहतात ते काचेतून दिसतं. अथर्व तीन तास हलला नाही.

दुपारी पाऊस थांबल्यावर समोरच्या किनाऱ्यावर चाललो. आता तिथे तंबू आणि आरव्ही म्हणजे राहायच्या गाड्या, त्यांच्या रांगा, लोक शेगड्या पेटवून बसलेले, फारच छान जागा. पण १९६४ च्या २७ मार्चपर्यंत तिथे गावाचं बंदर होतं. ९.२ चा भूकंप, अमेरिकेत नोंदलेला सगळ्यात मोठा, चार-साडेचार मिनिटं जमीन हलत होती, किनाराच्या किनारा घसरून खाडीत गेला, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि वरून लाटा आल्या. तो गुड फ्रायडे होता. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या आजी तेव्हा लहान होत्या, त्या म्हणाल्या पाणी जळत होतं. एवढंच सांगितलं, मग विषय बदलून आम्हाला रासबेरीचा जॅम दिला.

बुधवारी एक्झिट ग्लेशियर. पार्कमध्ये गाडीने जाता येतं ते फक्त इथे, प्रवेश फी नाही, पण पार्किंग दहा-साडेदहाला भरतं, लवकर जा. नाव एक्झिट कारण १९६८ मध्ये आइसफील्ड पहिल्यांदा आरपार ओलांडून आलेली माणसं ह्या ग्लेशियरवरून खाली उतरली.

जाताना रस्त्याच्या कडेला छोट्या पाट्या दिसतात, त्यावर नुसता आकडा. पहिल्यांदा वाटलं मैलाचे दगड. बाबा तर वाचतच होते, "१८८९, १९१७, हे कसले किलोमीटर?" ती सालं आहेत. त्या साली ग्लेशियर तिथपर्यंत होतं. १८१५ च्या सुमारास सगळ्यात पुढे आलं होतं, तेव्हापासून मागे जातंय. गाडीने जाताना साल उलटत जातात आणि बर्फ कुठेच नाही, नुसती झाडी. पायवाटेवर १९५१ ची पाटी लागली तिथे बाबा थांबले. "हे माझं." त्यांचं जन्मसाल. पाटीला टेकून फोटो काढला, मग पाटीपासून पुढे बघितलं, परत मागे बघितलं. पुढे २००५, २०१०. २०१५ मध्ये ओबामा येऊन गेले तेव्हा ह्याच पाट्यांपाशी बोलले होते. अथर्वच्या सालाची पाटी नव्हती, तो जरा हिरमुसला.

वरच्या व्ह्यूपॉइंटवर एक रेंजर बाई होती. बाबांनी मला विचारायला लावलं की हे परत पुढे कधी येतं. तिने समजावलं, हिवाळ्यात वर आइसफील्डवर जेवढा बर्फ जमतो आणि उन्हाळ्यात खाली जेवढा वितळतो त्याचं गणित आहे, आणि आता वितळणं जास्त आहे, दर वर्षी. मी मराठीत सांगितलं. "म्हणजे पगारापेक्षा खर्च जास्त," बाबा म्हणाले. ते तिला इंग्लिशमध्ये सांगितलं तर तिने वहीत लिहून घेतलं.

आईचे गुडघे व्ह्यूपॉइंटपर्यंत नीट आले, सव्वादोन मैल जाऊन येऊन, चढ आहे पण सावकाश होतो. मग आईबाबा-अथर्व खाली बसले आणि मी नि निखिल हार्डिंग आइसफील्डच्या ट्रेलवर थोडं जाऊन आलो. पूर्ण ट्रेल ८.२ मैल जाऊन येऊन, दर मैलाला हजार फूट चढ, दिवस जातो. आम्ही मार्मॉट मेडोजपर्यंतच. तिथून ग्लेशियर खाली पसरलेलं दिसतं, भेगा भेगा, म्हातारीच्या टाचेसारख्या. अस्वलासाठी स्प्रे बरोबर होता, तो विमानात नेऊ देत नाहीत, तिथेच घ्यावा लागतो. अस्वल दिसलं नाही. झुडपात काहीतरी हललं तेव्हा निखिलने मोठ्याने भीमसेनांचा अभंग सुरू केला, आवाज करत चाला असं लिहिलेलं असतं ना. पाठीमागून एक जर्मन जोडपं आलं, त्यांना वाटलं आम्ही काही धार्मिक करतोय, ते थांबून राहिले.

गुरुवारी कयाक, हे मंगळवारच्या ऐवजी जुळवलं, खाडीतलंच, साधं, तीन तासांचं. आई आणि अथर्व केबिनवर. मला धाकधूक बाबांची, ७३ वय, पाणी उन्हाळ्यातही बर्फगार. पण गाइडने वय विचारलं, मग बाबांचे खांदे बघितले आणि बसा म्हणाला. दोघांचं कयाक, मागे बसतो त्याच्या पायात सुकाणूची पेडलं असतात. बाबा अर्थात मागे. "ड्रायव्हर पुढे असतो, पण इथे मागे, ठीक आहे." कमरेभोवती ते रबरी झाकण आवळलं तेव्हा मात्र कुरकुरले, होडी उलटली तर माणसाने आतच राहायचं का. गाइडने ते एका हिसक्यात कसं सुटतं ते तीनदा दाखवलं.

आणि पाण्यात गेल्यावर पहिली पाच मिनिटं दोन्ही बाजूचं वल्हं जमेना, मग जमलं, आणि मग आम्ही मागे पडलो. निखिल आणि मी गोल गोल फिरतोय, भांडतोय, आणि बाबा लांब किनाऱ्याकडेने सपासप चाललेत, पुढे बसलेल्या गाइडला वल्हवायची गरजच नाही. खाली पाण्यात पारदर्शक जेलीफिश, वर झाडावर पांढऱ्या डोक्याचा गरुड. मधेच एक सील डोकं वर काढून बाबांच्या मागे मागे येत होता. परत आल्यावर गाइडने विचारलं हे आधी करायचे का. "नाही," बाबा म्हणाले, "एसटी चालवायचो."

हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर जाऊन कुत्र्यांच्या गाडीत बसायचं पण असतं, त्याची किंमत बघून आम्ही शीट बंद केली.

शुक्रवारी शेवटचा दिवस. केबिनच्या जवळूनच केन्स हेडची पायवाट निघते. साडेचार मैलांवर नॉर्थ बीच आणि तिथून पुढे दोनेक मैलांवर दुसऱ्या महायुद्धातला किल्ला आहे, पण मधला बराच भाग किनाऱ्यावरून चालायचा आणि तो फक्त ओहोटीला मोकळा असतो, वेळ चुकली तर एका बाजूला कडा आणि एका बाजूला पाणी. बाबांनी सकाळी चहा पिता पिता हिशोब केला. पंचमी, पावणेचार, वरती दोन, म्हणजे भरती पावणेसहाला, सुकती साडेअकरा-बाराला. निखिलने टेबल बघितलं, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक, पण मोठा मुद्दा बाबांनीच काढला: उधाण होऊन पाच दिवस झाले, आता भांग येतोय, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी आत फारसं जाणार नाही, अमावस्येला आलो असतो तर वेगळं होतं. किल्ला नको. दीड मैलावर टोन्सिना ओढा आहे तिथपर्यंत जाऊ, तिथे भरतीची भानगड नाही.

पण निघायला उशीर झाला कारण पंचमी म्हणजे नागपंचमी. आईने ताटलीवर हळदीने नाग काढला. दूध होतं. लाह्या कुठून आणणार? अथर्वने मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्नची पिशवी लावली, बटरवाली. आईने हुंगून बघितलं, म्हणाली मक्याच्या का होईना, लाह्याच आहेत. आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, त्यामुळे ब्रेड आणि शेजारच्या आजींचा जॅम. त्या आजी दारात आल्या होत्या निरोप घ्यायला, ताटली बघून विचारलं हे काय. मी सांगितलं, आज सापाची पूजा. आजी म्हणाल्या, अलास्कात साप नाहीत. ते मी आईला सांगितलं.

"बघ," आई म्हणाली, "एका पूजेत सगळे गेले," आणि पॉपकॉर्नचा प्रसाद आजींच्या हातावर ठेवला.